मधला भाग गुलाबी : एका ‘ट्रिपल निगेटिव्ह’ अहवालाची फेरतपासणी

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात काळाचौकीहून एक तरुण आपल्या आईच्या गाठीचे चार पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे), सहा स्लाइड आणि दोन अहवाल घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आला. उन्हात मेण मऊ होते असे त्याला कोणीतरी सांगितले होते, म्हणून ब्लॉक त्याने रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घालून आणले होते. डबा आईच्याच कामातला होता. त्या ५८ वर्षांच्या आहेत आणि घरून पोळीभाजीचे डबे देतात. डाव्या स्तनातली गाठ त्यांच्या हाताला आंघोळ करताना लागली ती गणपतीच्या आधी. पण सणाचे दिवस, घरात पाहुणे आणि डब्यांची वाढलेली मागणी यांमुळे डॉक्टरांना दाखवणे अनंत चतुर्दशीनंतरवर गेले. परिसरातल्या एका नर्सिंग होममध्ये, आधी सुईने बायोप्सी न करताच, गाठ काढण्यात आली. तिथून ती एका प्रयोगशाळेत गेली आणि तिथल्या अहवालात असे लिहिले होते : आसपास पसरणारा स्तनाचा कर्करोग, ग्रेड २, आकार २.८ सेंटिमीटर, इस्ट्रोजेन रिसेप्टर शून्य, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर शून्य, हर-२ एक अधिक, केआय-६७ चार टक्के. निष्कर्षाच्या ओळीत ठळक अक्षरांत ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हे शब्द होते, म्हणजे संप्रेरकांना धरून ठेवणारे हे दोन्ही रिसेप्टर आणि हर-२ हे प्रथिन, तिन्ही नाहीत असा कर्करोग (हर-२ ‘एक अधिक’, म्हणजे १+, हेही निगेटिव्हच धरतात).

रुग्णाची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटते याचे कारण असे, की त्यात कोणी हलगर्जीपणाने वागले असे म्हणणे कठीण आहे. यंत्र बिघडलेले नव्हते, रसायने मुदत संपलेली नव्हती, अहवाल लिहिणाऱ्याने स्लाइडवर जे दिसले तेच लिहिले होते, आणि तरीही अहवाल चुकीचा होता. पेशीवरचा मार्कर, म्हणजे तिची ओळख सांगणारे प्रथिन, वाचताना ती पेशी आपल्यापर्यंत कोणत्या अवस्थेत पोहोचली हा प्रश्न आधी विचारावा लागतो. तो विचारला नाही, तर ‘निगेटिव्ह’ या शब्दाला काहीच अर्थ उरत नाही.

रक्तातला आणि पेशीतला

मुलाने पहिला प्रश्न विचारला तो असा : “मॅडम, रक्तातला मार्कर नॉर्मल आला आहे, मग गाठीतला एवढा वाईट कसा?” त्याच्या हातातला दुसरा अहवाल सीए १५-३ या रक्ततपासणीचा होता, आणि आकडा मर्यादेत आहे म्हणून घरच्यांनी दोन दिवस समाधान मानले होते.

हा गैरसमज इतक्या वेळा भेटतो, की त्यावर थोडे थांबणे योग्य ठरेल. सीए १५-३ काय किंवा सीईए काय, हे पदार्थ कर्करोगाच्या पेशींतून सुटून रक्तात मिसळतात. गाठ लहान असेल तर ते वाढलेले दिसतातच असे नाही, आणि यकृताच्या आजारासारख्या इतर कारणांनीही ते वाढू शकतात. म्हणून स्तनाचा कर्करोग आहे की नाही हे ठरवण्यासाठी त्यांचा उपयोग करत नाहीत. आजार शरीरात पसरलेला असताना उपचाराचा परिणाम होतो आहे का, हे इतर तपासण्यांच्या जोडीने पाहण्यासाठी करतात. पेशीमार्करची गोष्ट वेगळी आहे. तो पेशीच्या केंद्रकात, पटलावर किंवा पेशीद्रवात जागच्या जागी असतो. तो पाहायचा तर गाठीचा तुकडाच हवा. पण एकदा पाहिला की तो नुसता आकडा देत नाही, कोणत्या पेशीत आहे आणि कोणत्या पेशीत नाही हेही दाखवतो. पुढे या प्रकरणाची उकल याच एका गुणामुळे झाली.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेल्या इस्ट्रोजेनच्या साहाय्याने या संप्रेरकाला धरून ठेवणारा रिसेप्टर शोधला. त्यानंतर बरीच वर्षे ही तपासणी ताज्या, गोठवलेल्या गाठीचा लगदा करून केली जाई. लगद्यात कर्करोगाच्या पेशी, निरोगी नलिका आणि चरबी हे सारे एकत्र मिसळत असल्यामुळे मिळणारे उत्तर सरासरीचे असे. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तेवढे बनवण्याची पद्धत दिली (तिला १९८४ साली नोबेल मिळाले) आणि असे प्रतिपिंड वापरून थेट स्लाइडवर मार्कर रंगवता येऊ लागला. ऊती जतन करणाऱ्या फॉर्मॅलिनमुळे झाकले गेलेले प्रथिन उष्णता देऊन पुन्हा उघडे करण्याची युक्ती १९९१ साली आली आणि साध्या पॅराफिन ब्लॉकवर ही तपासणी सर्रास होऊ लागली. आजही मुंबईतल्या कित्येक प्रयोगशाळांमध्ये या पायरीसाठी स्वयंपाकघरातलाच प्रेशर कुकर वापरतात : सायट्रेटच्या द्रावणात स्लाइड उभ्या ठेवायच्या, झाकण लावायचे आणि वेळ मोजायची. त्यानंतर प्रतिपिंड, मग तपकिरी रंग देणारे डीएबी, आणि शेवटी केंद्रकांना निळे करणारे हिमॅटॉक्सिलिन. तपकिरी केंद्रक म्हणजे रिसेप्टर आहे, निळे केंद्रक म्हणजे नाही. वाचायला हे इतके सोपे दिसते म्हणूनच त्यात फसगत होते.

न जुळणाऱ्या गोष्टी

मी मार्करच्या स्लाइडला आधी हात लावला नाही. नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगातली, म्हणजे एच अँड ई स्लाइड आधी पाहिली. गाठीतल्या पेशी बऱ्याच ठिकाणी नळ्या बनवत होत्या, केंद्रकांचे आकार मध्यम होते आणि विभाजन होत असलेल्या पेशी शोधून काढाव्या लागत होत्या. ग्रेड २ हे मूळ निदान मला पटले. ट्रिपल निगेटिव्ह कर्करोग बहुधा असा दिसत नाही. त्यातल्या पेशी सहसा ओबडधोबड, थरांनी दाटलेल्या आणि भरभर विभाजन पावणाऱ्या असतात. मधे मृत पेशींचे पट्टे असतात. अपवाद आहेत, पण ते काही मोजक्या विशिष्ट प्रकारांचे असून त्यांची ठेवण ओळखता येते. ही गाठ त्यांपैकी नव्हती.

दुसरी गोष्ट केआय-६७ची. विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकात हे प्रथिन दिसते. त्याचे नाव जर्मनीतल्या कील शहरावरून आणि ज्या खळग्यात तो प्रतिपिंड सापडला त्या ६७ या क्रमांकावरून पडले आहे. ट्रिपल निगेटिव्ह गाठीत हे प्रमाण सहसा पुष्कळ वर असते. येथे ते चार टक्के होते. एकाच अहवालात ‘ट्रिपल निगेटिव्ह’ आणि ‘केआय-६७ चार टक्के’ एकमेकांशेजारी असणे म्हणजे धावत्या माणसाची नाडी मंद लागण्यासारखे आहे. दोन्ही खरे असणे अगदी अशक्य नाही, पण ते तपासून पाहिल्याशिवाय मान्य करता येत नाही.

तिसरी गोष्ट मला सापडली ती अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात. हा परिच्छेद फारसा कोणी वाचत नाही. गाठ कापताना डोळ्यांना काय दिसले याचे वर्णन त्यात असते. तिथे लिहिले होते, की सात सेंटिमीटर लांबीचा चरबीसह काढलेला तुकडा मिळाला, तो आधी कापलेला नव्हता, आणि कापल्यावर ‘मधला भाग मऊ व गुलाबी’ होता. फॉर्मॅलिन नीट मुरलेला तुकडा राखाडी-तपकिरी आणि घट्ट होतो. गुलाबी आणि मऊ याचा अर्थ तिथपर्यंत फॉर्मॅलिन पोहोचलेच नव्हते. ज्याने हे वर्णन लिहिले त्याने प्रामाणिकपणे लिहिले. त्याचा मार्करच्या निष्कर्षाशी असलेला संबंध मात्र कोणाच्या ध्यानात आला नाही, कारण तो परिच्छेद एकाने लिहिला होता आणि निष्कर्ष दुसऱ्याने.

त्यानंतर मी इस्ट्रोजेन रिसेप्टरची मूळ स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कर्करोगाच्या पेशी सर्व निळ्या होत्या. पण त्याच स्लाइडच्या कोपऱ्यात गाठीशी संबंध नसलेल्या निरोगी दुग्धनलिकांचे तीन छेद होते आणि त्यांतलेही प्रत्येक केंद्रक निळे होते. निरोगी नलिकेच्या आतल्या थरातल्या काही पेशींमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टर असतोच, आणि रजोनिवृत्तीनंतर अशा पेशींचे प्रमाण वाढते. ५८ वर्षांच्या स्त्रीच्या तीन नलिकांमध्ये एकही तपकिरी केंद्रक नसावे, हे संभवत नाही. या नलिकांना आम्ही अंतर्गत नियंत्रण म्हणतो : त्या त्याच रुग्णाच्या, त्याच बाटलीतून आलेल्या आणि त्याच कुकरमधून गेलेल्या असतात. त्या रंगल्या नाहीत, तर गाठ रंगली नाही यावरून काहीही सिद्ध होत नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी मिळून केलेल्या मार्गदर्शक सूत्रांतही हेच सांगितले आहे, की अंतर्गत नियंत्रण रंगलेले नसेल तर अहवाल ‘निगेटिव्ह’ असा न देता दुसऱ्या ब्लॉकवर किंवा दुसऱ्या नमुन्यावर तपासणी पुन्हा करावी.

फेरतपासणी

चार ब्लॉकांवर ए-१ ते ए-४ असे क्रमांक होते. मार्करसाठी ए-२ निवडला गेला होता, आणि एरवी ती निवड बरोबरच ठरली असती, कारण गाठीचा सर्वांत मोठा भाग त्यात होता. पण तो भाग गाठीच्या मध्यातला होता.

आम्ही आधी मुद्दाम ए-२ वरच तपासणी पुन्हा केली. त्याच स्लाइडवर एका बाजूला, रिसेप्टर असल्याचे आधीपासून माहीत असलेल्या दुसऱ्या गाठीचा तुकडा बाह्य नियंत्रण म्हणून ठेवला. तो गडद तपकिरी झाला. ए-२ पुन्हा निळाच राहिला, नलिकांसह. म्हणजे पहिल्या प्रयोगशाळेचे रसायन, तापमान किंवा हात यांत दोष नव्हता. दोष ब्लॉकमधल्या ऊतीत होता. याला जोड म्हणून व्हायमेंटिन हा मार्कर लावून पाहिला. हे प्रथिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आणि आधारपेशींमध्ये सर्वत्र असते, त्यामुळे ऊती किती टिकली आहे याचा अंदाज त्यावरून घेता येतो. ए-२ च्या मध्यभागी रक्तवाहिन्यादेखील फिकट पडल्या होत्या.

मग ए-४ घेतला. हा ब्लॉक तुकड्याच्या कडेचा होता. शस्त्रक्रियेची हद्द दाखवणारी काळी शाई त्यावर होती आणि गाठीची एक बाजू त्या शाईच्या अगदी जवळ आली होती. ही स्लाइड मी माझ्या दोन्ही निवासी डॉक्टरांना शेजारी बसवून दाखवली, आणि तिचे वर्णन शक्य तितके नेमके करण्याचा प्रयत्न करते. शाईच्या लगतचा दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा गडद तपकिरी होता. कर्करोगाच्या नळ्यांमधले बहुतेक प्रत्येक केंद्रक भरून रंगलेले, कडा स्पष्ट. स्लाइड हळूहळू आत सरकवत गेले तसा रंग चहात दूध वाढवत न्यावे तसा उतरत गेला : आधी तांबूस, मग पिवळट, मग केंद्रकात नुसती धूसर छटा, आणि सुमारे सेंटिमीटरभर आत गेल्यावर स्वच्छ निळे. पेशींची ठेवण मात्र कुठेच बदलली नव्हती. त्याच नळ्या, तीच केंद्रके, तोच ग्रेड. गाठीत खरोखरच दोन प्रकारच्या पेशी असत्या तर तपकिरी आणि निळ्या पेशींच्या वसाहती वेड्यावाकड्या सीमांनी विभागलेल्या दिसल्या असत्या. बाहेरच्या कडेला समांतर असा, खोलीनुसार उतरत जाणारा रंग जीवशास्त्रातून येत नाही. तो बाटलीतून येतो.

हा तर्क लगद्याच्या काळात करताच आला नसता. सरासरी आकडा थोडा कमी आला असता आणि कारण कळले नसते.

आता बाटलीविषयी. गाठ शनिवारी रात्री काढली गेली. रविवारी प्रयोगशाळेचा माणूस येत नाही. तो सोमवारी दुपारी आला. म्हणजे तुकडा साधारण ४० तास फॉर्मॅलिनमध्ये होता. सूत्रांप्रमाणे हा काळ ६ ते ७२ तास असावा लागतो, त्यामुळे कागदावर सर्व काही नियमात होते. पण तासांचा हा नियम गृहीत धरतो, की तुकडा शरीराबाहेर आल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये गेला, साधारण पाच मिलिमीटर अंतरावर त्याला काप दिले गेले, आणि तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मॅलिन होते. येथे सात सेंटिमीटरचा अखंड तुकडा तोंडाशी अरुंद असलेल्या बाटलीत दाबून बसवलेला होता आणि वर जेमतेम बोटभर द्रव होता. फॉर्मॅलिन सुरुवातीला तासाला सुमारे एक मिलिमीटर आत शिरते आणि जसजसे खोल जाते तसतसा त्याचा वेग मंदावतो. चरबीतून तर ते फारच सावकाश जाते. त्यातच ऑक्टोबरचा उकाडा. मधल्या पेशी जतन होण्याआधीच आतून विरघळू लागल्या, आणि सोमवारी संध्याकाळी यंत्रात घातल्यावर त्यांना थेट अल्कोहोल लागले. नळ्यांचा आकार टिकला, म्हणून एच अँड ई स्लाइड चांगली दिसली. रिसेप्टर टिकले नाहीत.

भारतातल्या रुग्णांमध्ये हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह असण्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी दिसते, अशा नोंदी पूर्वी वरचेवर होत. त्यात रुग्णांच्या कमी वयाचा भाग आहेच. पण ऊती जतन करण्यातल्या त्रुटींचाही वाटा आहे, हे आपल्याकडच्या पॅथॉलॉजिस्टांनी वारंवार मांडले आहे. काळाचौकीच्या या बाटलीत तो वाटा मला प्रत्यक्ष दिसला.

काखेतली गाठ

ए-४ मधला पट्टा पुरेसा होता असे कोणी म्हणेल. माझ्या मते तेवढ्यावर पाच वर्षांचे उपचार ठरवणे योग्य नव्हते, कारण त्या पट्ट्यावरून ‘रिसेप्टर आहेत’ एवढे सांगता येत होते, किती टक्के पेशींत आहेत ते नाही. हर-२ची अवस्था तर अधिकच अनिश्चित होती. सुदैवाने, सोनोग्राफीत डाव्या काखेत एक वाढलेली लसिकाग्रंथी दिसली होती. तिच्याबद्दलही निर्णय झालेला नव्हता. घरात सासऱ्यांना क्षयरोग होऊन गेला होता, आणि मुंबईत काखेतली सुजलेली ग्रंथी क्षयाचीही असू शकते हे कोणी विसरू नये. म्हणून कर्करोगाच्या शस्त्रविशारदांनी जाड सुईने त्या ग्रंथीचे चार बारीक धागे घेतले आणि ते त्याच क्षणी फॉर्मॅलिनमध्ये टाकले. सुईचा धागा मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाड असतो. त्यात फॉर्मॅलिन मुरायला अडचण येत नाही. गाठ काढण्याआधी सुई-बायोप्सी करावी असा आग्रह धरण्याची अनेक कारणे आहेत, त्यांत हे एक कारण फार कमी वेळा सांगितले जाते.

धाग्यांमध्ये क्षयाच्या गाठी नव्हत्या. लसिकापेशींच्या मधे कर्करोगाचे पुंजके होते. ते सायटोकेरॅटिनने रंगले, म्हणजे आवरणपेशींपासून निघालेले. आणि गाटा-३ या केंद्रकातल्या मार्करनेही रंगले, ज्यामुळे त्यांचे मूळ स्तनात असल्याला दुजोरा मिळाला. इस्ट्रोजेन रिसेप्टर ९० टक्क्यांहून अधिक केंद्रकांत गडद होता. ऑलरेड पद्धतीने गुण मोजले तर प्रमाणाचे पाच आणि तीव्रतेचे तीन, एकूण आठपैकी आठ. प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर सुमारे ६० टक्के. केआय-६७ चारऐवजी २२ टक्के.

हर-२ येथे दोन अधिक आला. हे प्रथिन पेशीच्या पटलावर असते. दहा टक्क्यांहून अधिक पेशींना गडद, पूर्ण वलय असेल तर तीन अधिक, म्हणजे पॉझिटिव्ह. वलय पूर्ण पण फिकट किंवा मध्यम असेल तर दोन अधिक, म्हणजे निर्णय अधांतरी. अशा वेळी फिश तपासणी करून १७ व्या गुणसूत्रावरच्या हर-२ जनुकाच्या प्रती प्रत्यक्ष मोजतात. अंधाऱ्या खोलीत, चमकणारे लाल आणि हिरवे ठिपके एकेका केंद्रकात मोजत बसण्याचे हे काम असते : लाल ठिपके जनुकाचे, हिरवे गुणसूत्राच्या मध्यबिंदूचे. गुणोत्तर दोन किंवा अधिक आणि प्रत्येक पेशीत सरासरी चार किंवा अधिक प्रती असल्या तर जनुक वाढलेले मानतात. येथे गुणोत्तर १.२ आणि सरासरी प्रती २.६ आल्या. म्हणजे हर-२ निगेटिव्ह, आणि या वेळी तो शब्द पूर्ण अर्थाने वापरता आला.

मूळ गाठ आणि ग्रंथी यांच्यात रिसेप्टरचा खराखुरा फरक असू शकतो, हे येथे नोंदवायला हवे. काही रुग्णांत तो असतो. म्हणूनच नुसत्या ग्रंथीच्या अहवालावरून ‘पहिला अहवाल चुकीचा होता’ असे म्हणता आले नसते. ए-४ ची उतरती कड, ए-२ मधल्या न रंगलेल्या नलिका आणि ग्रंथी हे तिन्ही पुरावे एकत्र आल्यावरच मी दुरुस्त अहवालावर सही केली : हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह.

उपचार

ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाच्या, बैठकीत चर्चा फार लांबली नाही. काखेची शस्त्रक्रिया झाली, १४ ग्रंथींपैकी दोन बाधित निघाल्या. त्यानंतर केमोथेरपी, मग रेडिएशन आणि मग शरीरातले इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या लेट्रोझोलची रोजची एक गोळी, किमान पाच वर्षे, असा क्रम ठरला. केमोथेरपी खरोखर हवी का, हा प्रश्न एका तरुण सहकाऱ्याने विचारला, आणि तो रास्त होता. रजोनिवृत्ती झालेल्या, एक ते तीन ग्रंथी बाधित असलेल्या स्त्रियांपैकी गाठीतल्या २१ जनुकांच्या तपासणीत गुण २५ किंवा कमी असलेल्यांना केमोथेरपीचा अधिक लाभ होत नाही, असे एका मोठ्या चाचणीतून २०२१ साली पुढे आले आहे. पण त्या तपासणीचा खर्च या कुटुंबाला झेपणारा नव्हता. केआय-६७ वरून निर्णय घ्यावा, तर पाच टक्के किंवा कमी आणि ३० टक्के किंवा अधिक हे दोन टोकांचे आकडेच भरवशाचे मानले जातात. मधले २२ टक्के कोणतीच बाजू धरत नाहीत. मार्करने सगळे सांगावे ही अपेक्षा येथे पुरी झाली नाही, आणि निर्णय ग्रंथींच्या संख्येवर, गाठीच्या आकारावर व रुग्णाच्या प्रकृतीवर घ्यावा लागला.

म्हणजे पहिल्या अहवालाप्रमाणेही केमोथेरपी झालीच असती. मग काय बदलले, असे मुलाने विचारले. बदलली ती गोळी. इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या कर्करोगात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन हे इस्ट्रोजेनला अडवणारे औषध घेतल्याने स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पहिल्या १५ वर्षांत सुमारे एकतृतीयांशाने कमी होतात; रजोनिवृत्तीनंतर लेट्रोझोलसारखी औषधे त्याहून थोडी सरस ठरतात. रिसेप्टर नसलेल्यांना यातला काहीही लाभ नाही, म्हणून त्यांना ही गोळी कोणी देत नाही. या बाईंना ती मिळाली नसती, आणि सात-आठ वर्षांनी आजार हाडात उलटला असता तर ‘ट्रिपल निगेटिव्ह होता, उलटणारच’ असे म्हणून सगळे गप्प बसले असते. चूक कोणाला कधीच दिसली नसती. या विचाराने मी आजही अस्वस्थ होते.

आणखी एक गोष्ट घरात बदलली. ट्रिपल निगेटिव्ह म्हटल्यावर आनुवंशिक स्तनकर्करोगाशी संबंधित बीआरसीए जनुकांची तपासणी सुचवली गेली होती, आणि लग्न ठरत असलेल्या मुलीपर्यंत ती बातमी अर्धवट स्वरूपात पोहोचली होती. घराण्याचा इतिहास आम्ही पुन्हा नीट विचारला. आईकडे किंवा मावशीकडे स्तनाचा वा बीजांडकोशाचा कर्करोग कोणालाच झालेला नव्हता. मुलीला समोर बसवून हे सांगायला अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास अहवालाच्या कोणत्याही ओळीत येत नाही.

बाटली

नर्सिंग होमच्या सर्जनांना मी स्वतः फोन केला. त्यांनी टाळाटाळ केली नाही. गाठ अखंड पाठवली तर हद्द नीट पाहता येईल अशी त्यांची समजूत होती, आणि ती शिकवणीतली समजूत अगदीच निराधार नाही. वेडावाकडा कापलेला तुकडा आम्हालाही नको असतो. मी त्यांना सांगितले, की शाई किंवा टाके लावून दिशा दाखवा, मागच्या बाजूने गाठीपर्यंत जाणारा एकच सरळ काप द्या, कापात टिपकागदाचा तुकडा सरकवा म्हणजे द्रव आत जाईल, आणि रुंद तोंडाची बरणी वापरा. लेबलवर दोन वेळा लिहा : तुकडा बाहेर काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची. “शनिवारी रात्री फॉर्मॅलिन कोण बनवणार?” असे ते म्हणाले. दहा टक्क्यांचे बफर केलेले तयार फॉर्मॅलिन आम्ही त्यांच्याकडे पोहोचवण्याची व्यवस्था केली. खर्च किरकोळ आहे. पहिली प्रयोगशाळा कोणती हे येथे सांगण्याची गरज नाही. तिथल्या मुख्य डॉक्टरांशीही बोलणे झाले आणि अहवालाच्या नमुन्यात ‘अंतर्गत नियंत्रण : रंगले / रंगले नाही / उपलब्ध नाही’ अशी एक ओळ आता आहे.

त्यानंतर पाचव्या आठवड्यात त्या नर्सिंग होममधून एक बरणी आली. लेबलवर निळ्या पेनने लिहिले होते : ‘काढली ७.४०, टाकली ७.५५.’

त्या बाईंची लेट्रोझोल सुरू होऊन आता आठ महिने झाले आहेत. सांधे दुखतात अशी त्यांची तक्रार आहे, जी या औषधाने होते. हाडांची घनता तपासली आहे, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे. डबे त्यांनी निम्मे केले आहेत. ए-४ आणि ग्रंथीचे ब्लॉक आम्ही जपून ठेवण्याची खूण करून ठेवले आहेत. हर-२ एक अधिक, किंवा फिश निगेटिव्ह असलेला दोन अधिक, या अवस्थेला पूर्वी निगेटिव्ह म्हणून बाजूला ठेवत असत. २०२२ पासून आजार पसरलेल्या रुग्णांमध्ये तिच्यासाठीही औषध उपलब्ध आहे, आणि तशी वेळ आलीच तर कोणीतरी हेच ब्लॉक पुन्हा मागेल. ए-२ देखील टाकलेला नाही. नव्या निवासी डॉक्टरांना ती स्लाइड मी आधी कोपऱ्यातून दाखवते, तीन निळ्या नलिकांपासून.